सोलापुरात लावलेल्या पोफळी

लग्नानंतर अण्णांचं महिन्याला एक कार्ड यायचं. पहिली ओळ खुशालीची, मधल्या चारपाच ओळी गुरांच्या आणि पावसाच्या, आणि शेवटची ओळ ठरलेली : "बाग कशी आहे?" अण्णा म्हणजे माझे वडील. दापोलीच्या खाली, समुद्राच्या अंगाला आमचं गाव आणि तिथं त्यांची पोफळीची बाग. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यानंतर अण्णांनी मला वाढवलं ते त्या बागेतच. "तू सुखी आहेस का?" असं पोरीला सरळ विचारणं त्यांच्या तोंडात बसत नसे. म्हणून ते बागेचं विचारत, आणि त्यांना काय विचारायचंय ते मला बरोबर कळत असे.

सोलापूरचं स्थळ त्यांना मनापासून पसंत नव्हतं. मुलगा पसंत होता, तक्रार गावाबद्दल होती. बहात्तरचा दुष्काळ होऊन फार दिवस झाले नव्हते. वर्तमानपत्रातले कोरड्या विहिरींचे फोटो त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. निघताना त्यांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेतलं आणि मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "जावईबापू, राग मानू नका. पोर तिकडे सुकली, तर मी येऊन घेऊन जाईन हो." मग ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पोफळीची तीन रोपं माझ्या मांडीवर ठेवली आणि एस.टी.कडे पाठ करून चालू लागले.

अण्णा बोलले ते करणारे. आले असते आणि खरंच घेऊन गेले असते. आणि मला जायचं नव्हतं. हे मला आवडले होते, आता या वयात सांगायला कशाला लाजू.

हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर, धरणाच्या कामावर. पाण्याच्या खात्यातला नवरा आणि घरच्या नळाला सकाळी तासभर पाणी, यावरून मी त्यांना इतकं चिडवलं की पुढंपुढं ते माझ्याआधी स्वतःच म्हणून घ्यायचे. विजापूर रस्त्याच्या बाजूला नव्यानंच वसत असलेल्या भागात आम्ही दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. पुढं मोकळी जागा, मागं मोकळी जागा, सगळी काळीभोर माती. पश्चिमेला पुरुषभर उंचीची कंपाउंडची भिंत, चुन्यानं पांढरीशुभ्र केलेली. ती भिंत बघून मला हरखून जायला झालं. पांढऱ्या भिंतीपुढं हिरव्या पोफळी किती शोभतील!

ह्यांनी बागेचा नकाशा काढला. निळ्या कागदावर, मापासकट, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाणसुद्धा. मधोमध हिरवळ, कारण त्यांच्या साहेबांच्या बंगल्यापुढं हिरवळ होती. हिरवळीच्या कडेनं जास्वंदी, दारापुढं अबोली, भिंतीशी पोफळी. मी त्यात फक्त एक केळ वाढवली. दोघंही इतके खूष होतो की या नकाशात पाणी कुठून येणार हे दाखवलेलं नाही, हे पाटबंधारे खात्याच्याही लक्षात आलं नाही.

लागवड मी केली, आणि जशी अण्णांनी शिकवली होती तशी केली. आमच्याकडं पाऊस चार महिने धो धो पडतो. झाड मरतं ते पाणी साचून, मुळं कुजून. म्हणून रोप लावलं की बुंध्याला मातीची चांगली भर घालायची, उंचवटा करायचा, म्हणजे पाणी वाहून जातं. मी प्रत्येक रोपाला असा उंचवटा केला, हातानं थापून गुळगुळीत केला. आणि रोज सकाळी माहेरून आणलेल्या हिरांच्या खराट्यानं सगळं आवार असं झाडायची की शोधून पान सापडू नये. कोकणातल्या बाईचं अंगण बघून तिची परीक्षा होते. मी परीक्षेला बसल्यासारखीच झाडायची.

शेजारी अक्का राहायच्या. वय पन्नाशीचं, कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग. माहेर अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातलं, त्यामुळं घरात कानडी आणि आमच्याशी मराठी. त्यांच्या मालकांचा भुईमुगाच्या शेंगांचा व्यापार होता. अक्कांचं आवार मला बघवत नसे. झाडांच्या बुडाशी पाला पडलेला, त्यावर शेंगांच्या टरफलांचे ढीग, जागोजागी फुटके माठ अर्धे जमिनीत पुरलेले. काय ही गबाळी बाई, असं मी ह्यांना म्हटलं होतं. ते म्हणाले, "हळू बोल, भिंत पातळ आहे."

एक दिवस अक्का दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवरून माझं झाडणं बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "रोज झाडता व्हय?"

"रोज," मी अभिमानानं सांगितलं.

"लई झाडता. झाडाचं पांघरून काढून टाकता की." मग त्यांची नजर माझ्या उंचवट्यांवर गेली. "आनि ही वारुळं कशापाई केल्याव? नागपंचमीला पुजाय?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पोफळीच्या बागेत वाढलेल्या मला ही शेंगावाली झाडं लावायला शिकवणार! मी खराटा आपटला आणि आत गेले. पुढं कित्येक महिने आमचं बोलणं "दूधवाला आला का?" याच्यापलीकडं गेलं नाही. त्याही विचारायच्या तेवढंच, पण हसून. ते हसणं मला आणखी लागायचं.

पावसाळ्यात आणि थंडीत सगळं बरं होतं. फाल्गुन सरला आणि सोलापूरनं आपलं खरं रूप दाखवलं. हिरवळ आधी गेली. ह्यांनी ती सूत लावून लावली होती, त्यामुळं वाळतानाही चौकोनात वाळली आणि दारापुढं काथ्याचं मोठं पायपुसणं अंथरल्यासारखी दिसू लागली. मग केळ. मग जास्वंदी. मी दुपारी बाराच्या उन्हात झाडांना तहान लागली असेल म्हणून पाणी घालायची. ते उंचवट्यावरून घरंगळत खाली यायचं आणि जिथं काहीच लावलेलं नाही तिथं मुरायचं. ज्या भिंतीवर मी भाळले होते ती दिवसभर तापायची आणि संध्याकाळी तिच्याकडं हात नुसता नेला तरी चटका बसायचा. तिच्या पायाशी माझ्या पोफळी होत्या. त्यांची पानं आधी कडेनं करपली, मग मधून. मे महिन्यात जमिनीला भेगा पडल्या, अशा की माझं खुरपं एका भेगेत पडलं ते कोपरापर्यंत हात घालून काढावं लागलं. त्या भेगेत पोफळीचं तुटलेलं मूळ लोंबत होतं.

तिन्ही पोफळी मेल्या. मी तिथं बसून रडले, आणि मग आत जाऊन कार्ड लिहिलं : "बाग छान आहे. पोफळींनी नवं पान काढलं."

एकदा लिहिल्यावर मागं फिरता येईना. झाडं मरत होती आणि पत्रात वाढत होती. श्रावणातल्या कार्डात तर मी त्यांना कमरेएवढं केलं. हे म्हणाले, "जरा बेतानं वाढव. पुढच्या वर्षी सुपाऱ्या मागतील."

सुपाऱ्या नाही मागितल्या, पण त्याच श्रावणात उत्तर आलं : "पुढल्या साली आंबा उरकला की मिरगाच्या आधी चार दिवस सवड काढतो. पोफळी बघायच्या आहेत."

मिरगाच्या आधी, म्हणजे इथल्या उन्हाळ्याच्या अगदी टोकाला. ते येणार, हे पायपुसणं बघणार, तीन वाळक्या काड्या बघणार, आणि मागं त्यांनी जे म्हटलं होतं ते करणार. लेकीनं खोटं का लिहिलं याचं एकच कारण त्यांना सुचलं असतं. इथं माझे हाल आहेत आणि मी ते लपवते आहे, हे. खरं तर हाल नव्हतेच. हाल झाडांचे होते.

दुसऱ्या दिवशी वाटीभर आमसुलं घेऊन मी अक्कांच्या दारात गेले. आमसुलं काय असतात ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण मी का आले ते ठाऊक असावं. मी सगळं सांगून टाकलं, खोट्या पत्रांसकट. त्यांनी ऐकून घेतलं, एक आमसूल तोंडात टाकलं, डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "आंबट हाय. चला, दावा तुमची वारुळं."

आवारात आल्याआल्या त्यांनी माझ्या हातातला खराटा काढून घेतला आणि भिंतीपलीकडं आपल्या घरात टाकला. "ह्यो आता माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

उंचवटे मोडायला लावले. त्यांच्या जागी खोलगट आळी, कडेला मातीचा बांध, म्हणजे पडेल तो थेंब आतच राहिला पाहिजे. "तुमच्याकडं पानी लई, म्हनून तुमी पान्याला घालवता. हितं पानी पावना हाय. पावन्याला असं दारातनं घालवत्यात व्हय?" मी रोज पाणी घालते म्हटल्यावर त्यांनी किती घालते ते विचारलं. मी तांब्या दाखवला. "चूळ भरल्यागत देऊन काय हुतंय? चार दिसानं द्या, पन पोटभर द्या. सांजंला द्या. मुळी खाली गेली पायजे. रोज वरच्यावर दिलं की ती वरच बसती आनि उनानं मरती."

पावसानं ओढ दिल्यामुळं पुन्हा पडू लागलेल्या भेगांकडं बघून मात्र त्या गंभीर झाल्या. त्यांच्या माहेरच्या शेतात ज्वारी असायची, थंडीतली, आणि तिला वरून पाण्याचा थेंब कुणी देत नसे. पाऊस जमिनीत जेवढी ओल ठेवून जाई तेवढ्यावर पीक यायचं. फक्त वरची माती पुन्हा पुन्हा कोळपून मोकळी ठेवायची. "भेग पडली की तितनं समदी वल वर उडून जाती. म्हनून भेग दिसली की बुजवायची. आमी ल्हानपनापास्नं ह्येच केलं." मग त्यांनी मला मोकळ्या मातीत हात घालायला लावला. वर कोरडी भुरभुरीत, आणि चार बोटं खाली गार. मी त्या गारव्यात हात तसाच ठेवून बसले. इतकी वर्षं बागेत घालवून मला मातीतलं हे कधी कळलं नव्हतं, कारण आमच्याकडं कळायची गरजच नव्हती.

"आणि पोफळी?" मी शेवटी विचारलं.

"ब्याड, ब्याड," अक्का म्हणाल्या. ब्याड म्हणजे नको, एवढं कानडी मला त्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं. "आदी सावली लावा. सावली आली की तिच्याखाली पायजे ती हौस करा."

त्याच पावसात आम्ही भिंतीच्या आतल्या बाजूनं शेवग्याच्या फांद्या खोचल्या, पश्चिमेच्या कोपऱ्यात कडुनिंब लावला, मधल्या जागेत लिंबू, कढीपत्ता, कण्हेर, दारापाशी मोगरा. पाहुण्याला दाखवायची फुलं म्हणून कोरांटी आणि सदाफुली. भिंतीचा चुना मी खरडून काढला आणि तिच्यावर शेणामातीचा हात फिरवला. हे कामावरून आले आणि विचारते झाले, "भिंत कुठं गेली?"

ह्यांना हिरवळ गेल्याचं फार लागलं होतं. त्याची भरपाई म्हणून त्यांनी मोरीचं पाणी झाडांपर्यंत नेणारा पाट काढायचं मनावर घेतलं. रविवारभर लेव्हल लावून, खुंट्या ठोकून, उतार काढून, कडा विटांनी बांधून पाट तयार झाला. मी पहिली बादली ओतली. पाणी दिमाखात निघालं, लिंबापर्यंत गेलं, क्षणभर थांबलं आणि वळून परत मोरीत आलं. हे नकाशा काढून बघू लागले. नकाशात ते बरोबर जात होतं. तेवढ्यात अक्का भिंतीवरून म्हणाल्या, "सायेब, त्या धरनावर पन तुमीच हाय का वो?" त्यानंतर आम्ही तिघंही इतके हसलो की मला खाली बसावं लागलं. मग अक्कांनी पायाच्या टाचेनं मातीत एक रेघ ओढली. पाणी त्या रेघेनं गेलं, आणि आम्ही तिथं राहिलो तितकी वर्षं तिच्यावरून चुकलं नाही.

थंडी सरायच्या आत अक्कांनी शेंगांच्या टरफलांची पोती पाठवून दिली. एकेका आळ्यात वीतभर थर द्यायचा, पण बुंध्याला चिकटवायचा नाही, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडायची, नाहीतर वाळवी लागते. लिंबाशेजारी दोन फुटके माठ पुरले, त्यांत पाणी भरून वर पाटा ठेवला. शेजारणीचं आवार म्हणून ज्याची मी चेष्टा केली होती, हुबेहूब तसं माझं आवार दिसू लागलं. गंमत म्हणजे मला ते आवडू लागलं होतं. फाल्गुनात शेवगा माझ्या डोक्याच्या वर गेला. चैत्रात दुपारी त्याची सावली भिंतीवर पडायला लागली. मी काम टाकून ती सावली बघायला बाहेर यायची. पाच मिनिटं उभी राहायची आणि परत आत जायची. कुणी बघितलं असतं तर वेडी म्हटलं असतं.

पण अण्णांच्या येण्याचे दिवस जवळ आले तशी माझी झोप उडाली. बाग होती, हिरवी होती, पण पत्रातली ती बाग नव्हती. कमरेएवढ्या तीन पोफळी कुठून आणायच्या? हे म्हणाले, ओळखीच्या माळ्याकडं कुंडीतले ताड आहेत, आठवड्यासाठी आणून ठेवू. मला तेही एक दिवस पटलं होतं. मग डोळ्यांपुढं अण्णा आले, त्या कुंडीपुढं उभे. ज्या माणसानं पन्नास वर्षं पोफळीवर चढउतर केली त्याला मी ताड दाखवणार होते. मी नको म्हटलं. मग खरं लिहायला तीन कार्डं घेतली आणि तिन्ही फाडली.

अण्णा सकाळच्या गाडीनं आले. खांद्यावर पंचा, हातात फणसाची पिशवी. घरात शिरायच्या आधी बागेला एक फेरी मारली. मी मागं मागं. भिंतीपाशी थांबले, शेवग्याकडं वर बघितलं, टरफलांकडं खाली बघितलं, आणि "चहा टाक गो" म्हणून आत गेले. पोफळीबद्दल अक्षर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ते पायरीवर बसायचे, पंच्यानं वारा घ्यायचे, ह्यांच्याशी धरणाच्या गोष्टी करायचे, आणि मधेच माझ्याकडं असं बघायचे की माझ्या हातातलं भांडं निसटायचं. त्यांना विचारवत नाही आणि मला सांगवत नाही, असे ते दोन दिवस. मला वाटलं, अण्णा मनात ठरवून बसलेत. जायच्या दिवशी म्हणतील, ट्रंक भर.

तिसऱ्या दिवशी मी आणि अक्का बाजारात गेलो होतो. परत आलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. फाटक उघडलं आणि मी जागच्या जागी थबकले.

आवार लख्ख होतं. पान नाही, काडी नाही, एक टरफल नाही. सगळी टरफलं फाटकाशी ढीग करून पेटवायच्या बेतात ठेवलेली. आळ्यांचे बांध मोडून माती बुंध्याशी ओढलेली आणि हातानं थापून गुळगुळीत केलेली. लिंबाच्या उंचवट्यावर अण्णा वाकलेले, घामानं निथळत, आणि भर दुपारी बादलीनं पाणी ओतत होते. पाणी उतारावरून घरंगळून रस्त्याकडं चाललं होतं. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "बघ," ते म्हणाले, "किती केर साचला होता. तुला एकटीला होत नाही, ते दिसतंय मला."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आणि मी जन्मात पहिल्यांदा अण्णांवर ओरडले. कोकणीत नाही, शाळेतल्या मराठीतही नाही. तोंडातून जे निघालं ते असं :

"अवो अण्णा, काय करालाव तुमी हे? झाडं मारालाव की! भर दुपारी पानी घालत्यात व्हय कुटं? ही वारुळं कशापाई केली? त्यो केर न्हाई, पांघरून हाय त्यांचं! ठिवा ती बादली! बाजूला व्हा आदी!"

भिंतीपलीकडं अक्कांच्या बांगड्या वाजल्या आणि एकदम थांबल्या. अण्णांनी बादली खाली ठेवली आणि खरंच बाजूला झाले. हात धोतराला पुसत उभे राहिले. मास्तरांनी उठवून उभं केलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता. ते बघितलं आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. मी तिथंच मातीत बसले आणि रडू लागले.

"पोफळी मेल्या, अण्णा," मी म्हटलं. "तिन्ही. पहिल्याच उन्हाळ्यात. मी खोटं लिहीत होते."

"मेल्या ते पहिल्या दिवशीच बघितलं की."

"मग विचारलं का नाही?"

अण्णा माझ्यासमोर खाली बसले. म्हणाले, "भीत होतो. विचारलं आणि तू रडलीस, तर तुला न्यावं लागेल. न्यायच्या तयारीनंच आलोय मी. घरी तुझी खोली झाडून, सारवून ठेवलेली आहे. जावईबापूंच्या तिकडे बदलीसाठी एका साहेबाला शब्दसुद्धा टाकलाय. इथं आलो, हा सगळा केर बघितला, आणि वाटलं, पोरीचं मनच उडालंय. नाहीतर माझी पोर अंगण असं ठेवायची नाही."

"मन नाही उडालं," मी म्हटलं.

"ते समजलं आता," अण्णा म्हणाले, आणि हसू लागले. आधी ओठांतल्या ओठांत, मग खांदे हलवून. "कशी ओरडलीस गो माझ्यावर! माझी आई अशी ओरडायची, कुणी तिच्या वाफ्यात पाय टाकला की. जिचं मन उडालेलं असतं ती ओरडत नाही. तिला काय, कुणी काही करावं."

मग ते उठले. फाटकाशी गेले, दोन्ही हातांनी टरफलांची मोठी ओंजळ भरून घेतली आणि लिंबापाशी परत आले. झाडाकडं बघितलं, ओंजळीकडं बघितलं, आणि तसेच उभे राहिले. खुरपं कसं धरायचं ते ज्यांनी मला शिकवलं, कुठल्या झाडाला काय लागतं हे ज्यांना कधी कुणाला विचारावं लागलं नाही, त्या अण्णांना पुढं काय करायचं ते ठाऊक नव्हतं.

"सांग," ते म्हणाले. "तुझ्या मुलखात कसं करतात?"

मी डोळे पुसले. आधी उंचवटा मोडायला सांगितला, त्यांनी मोडला. मग बांध घालायला सांगितला. माती ओढताना त्यांचा हात सवयीनं पुन्हा पुन्हा बुंध्याकडं जायचा आणि मी "बाहेर, बाहेर" म्हणायची. मग त्यांनी टरफलं पसरली, हलक्या हातानं, मुलाला पांघरूण घालावं तशी, पण अगदी बुडाला भिडवून.

"तिथं नको, अण्णा. वाळवी लागेल. वीतभर लांब."

अण्णांनी सगळी टरफलं मागं ओढली, बुंध्याशी आपली वीत लावून मापली आणि मान वर करून विचारलं, "आता?"

"आता बरोबर," मी म्हटलं.